यंत्राच्या खातेवहीतील आपले नाव

कुवेतमध्ये राहणाऱ्या परदेशी माणसाची ओळख दोन नोंदींत सामावलेली असते. पहिली नोंद म्हणजे बारा अंकी नागरी क्रमांक. त्यातील पहिला अंक जन्माचे शतक सांगतो. विसाव्या शतकासाठी 2 आणि एकविसाव्यासाठी 3. पुढील सहा अंकांत जन्मतारीख असते आणि अखेरचा अंक पडताळणीसाठी राखलेला असतो. दुसरी नोंद म्हणजे इकाम्याचे कलम. खासगी क्षेत्रातील नोकरदारास कलम 18, घरकामगारास कलम 20, कुटुंबीयांस कलम 22. क्रमांक माणूस कोण हे सांगतो, तर कलम त्याला कोणते दार उघडे आणि कोणते बंद हे ठरविते. इकामा हाती पडताच त्यावरील प्रत्येक अक्षर दोनदोनदा वाचून पाहण्याची सवय आपल्यापैकी प्रत्येकास लागलेली आहे, कारण एका चुकीच्या नोंदीची किंमत काय असते हे येथे सर्वांनाच ठाऊक आहे.

आपण ज्या संगणकांवर दिवसाचे आठ-दहा तास काम करतो, त्यांतही अशीच दुहेरी व्यवस्था आहे. प्रत्येक वापरकर्त्याला एक क्रमांक असतो आणि प्रत्येक वापरकर्ता एका किंवा अनेक गटांचा सभासद असतो. क्रमांक ओळख ठरवितो, गट अधिकार ठरवितो. इकाम्याइतक्या काळजीने ही नोंद मात्र आपण क्वचितच वाचतो. नोकरी बदलते, करार संपतो, माणूस सामान बांधून नागपूरला किंवा औरंगाबादला परततो. त्याच्या नावाचे खाते मात्र येथील यंत्रावर जिवंत राहते. ही नोंद स्वतः कशी वाचावी, आणि ती वाचणे स्थलांतरित माणसाच्या हिताचे का आहे, हे सांगणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

व्यवस्था कोठून आली

1969 साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स या कार्यप्रणालीची सुरुवात केली. त्या काळी एकच महागडे यंत्र अनेकांना वाटून घ्यावे लागे. कोणाची फाइल कोणी वाचावी, कोणी बदलावी, हा प्रश्न त्यामुळे पहिल्यापासूनच उभा होता. युनिक्सने त्याचे साधे उत्तर दिले. प्रत्येक फाइलला एक मालक आणि एक गट असतो. मालक, गटातील सभासद आणि इतर सर्व, अशा तिघांसाठी वाचणे, लिहिणे आणि चालविणे हे तीन अधिकार वेगवेगळे ठरविता येतात. आजचे लिनक्स याच पायावर उभे आहे.

आमच्या मते या व्यवस्थेतील सर्वांत मोलाची गोष्ट अशी की गटांची यादी गुप्त नसते. प्रत्येकाचा परवलीचा शब्द झाकलेला असतो, परंतु कोण कोणत्या गटात आहे हे त्या यंत्रावर खाते असलेल्या कोणालाही सामान्यतः वाचता येते. कोणाच्या हाती किती अधिकार आहे, हे विचारण्यासाठी वरिष्ठांची परवानगी लागत नाही. पडद्यावर एक ओळ लिहिली की उत्तर समोर येते.

ओळ कशी लिहावी

पुढील आज्ञा आम्ही देवनागरीत उच्चारानुसार दिल्या आहेत. प्रत्यक्षात त्या इंग्रजीच्या लहान लिपीतील अक्षरांत लिहावयाच्या आहेत. जेथे मोठे अक्षर हवे तेथे तसे सांगितले आहे.

पहिली आज्ञा दोनच अक्षरांची आहे, ‘आयडी’. ती लिहिताच आपले नाव, आपला क्रमांक, आपला मुख्य गट आणि आपण ज्या ज्या अन्य गटांत आहोत त्यांची यादी दिसते. त्यापुढे दुसऱ्या वापरकर्त्याचे नाव लिहिले तर त्याची माहिती दिसते. केवळ गटांची नावे हवी असल्यास ‘ग्रुप्स’ ही आज्ञा पुरेशी आहे. डेबियन, उबुंटू आणि रेड हॅटच्या आजच्या आवृत्त्यांत माणसांचे क्रमांक 1000 पासून सुरू होतात. त्याखालील क्रमांक बहुधा यंत्राच्या अंतर्गत सेवांसाठी असतात. शून्य हा क्रमांक सर्वाधिकारी ‘रूट’चा. येथे लक्षात ठेवावयाची गोष्ट अशी की सर्वाधिकार नावाला मिळत नाही, क्रमांकाला मिळतो. एखाद्या निरुपद्रवी दिसणाऱ्या नावासमोर शून्य लिहिलेला असेल, तर ते खाते रूटच होय.

ही माहिती दोन साध्या वह्यांत असते. ‘ईटीसी’ या निर्देशिकेतील ‘पासडब्ल्यूडी’ ही वापरकर्त्यांची वही, आणि ‘ग्रुप’ ही गटांची. पहिल्या वहीत प्रत्येक माणसाची एक ओळ आणि ओळीत विसर्गचिन्हाने वेगळे केलेले सात रकाने असतात: नाव, परवलीच्या शब्दाची जागा, वापरकर्ता क्रमांक, मुख्य गटाचा क्रमांक, टिपण, घराची निर्देशिका आणि प्रवेशानंतर सुरू होणारा कार्यक्रम. गटांच्या वहीत चार रकाने असतात आणि शेवटच्या रकान्यात सभासदांची नावे.

वाचणारा बहुधा चुकतो तो येथेच. गटांच्या वहीतील सभासदांचा रकाना पाहून तो समजतो की गट एवढाच आहे. वास्तविक ज्याचा तो मुख्य गट आहे, त्याचे नाव त्या रकान्यात असेलच असे नाही. त्याची नोंद पहिल्या वहीच्या चौथ्या रकान्यात असते. म्हणून दोन्ही वह्या ताडून पाहाव्यात, किंवा शंका असलेल्या प्रत्येक नावावर ‘आयडी’ चालवावी. मोठ्या कार्यालयांत तर खाती एका मध्यवर्ती सेवेवर ठेवलेली असतात आणि स्थानिक वहीत दिसतच नाहीत. अशा ठिकाणी ‘गेटेंट पासडब्ल्यूडी’ व ‘गेटेंट ग्रुप’ या आज्ञा वापराव्यात. यंत्राला जी जी ठिकाणे विचारण्यास सांगितलेली आहेत, ती सर्व विचारून त्या उत्तर देतात. मध्यवर्ती सेवेने संपूर्ण यादी देण्याचे बंद ठेवलेले असल्यास आज्ञेपुढे ते विशिष्ट नाव लिहावे.

चक्राचा गट

सर्व गट सारखे नसतात. रेड हॅटच्या परंपरेत सर्वाधिकार वापरण्याची मुभा असलेल्यांच्या गटाला ‘व्हील’ म्हणतात, म्हणजे चक्र. आपल्या मनात चक्र या शब्दाचा अर्थ फार वेगळा आहे. येथे मात्र तो बड्या असामीला उद्देशून वापरल्या जाणाऱ्या इंग्रजी बोलीतून आलेला आहे. डेबियन व उबुंटूत याच कामाच्या गटाचे नाव ‘सुडो’ आहे. ग्नू प्रकल्पाचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन यांनी आपल्या ‘एसयू’ या आज्ञेत चक्राच्या गटाचे बंधन घालण्यास नकार दिला होता. मूठभरांनी इतरांवर संपूर्ण सत्ता गाजवावी, याला साधन पुरविण्याची त्यांची तयारी नव्हती. आजच्या कार्यालयांत असा गट टाळता येत नाही. त्यात कोण आहे हे वेळोवेळी वाचणे मात्र आपल्या हाती आहे.

आणखी एक गट सहज नजरेआड होतो, तो म्हणजे ‘डॉकर’. त्याचे नाव साधे वाटते, परंतु त्याच्या सभासदाला अप्रत्यक्षपणे रूटइतकेच अधिकार मिळतात. म्हणून ‘सुडो’ची यादी निर्मळ दिसली तरी ‘डॉकर’ची यादी पाहिल्याशिवाय तपासणी पूर्ण झाली असे मानू नये.

गट बदलतानाही दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ‘युजरमॉड’ या आज्ञेसोबत उणे चिन्ह आणि मोठे जी लिहून नवा गट दिला, आणि लहान ए लिहावयाचा राहिला, तर माणूस नव्या गटात जातो खरा, पण जुन्या सर्व जोडगटांतून बाहेर पडतो. दुसरे असे की गटातून काढलेल्या माणसाचे चालू सत्र जुनेच अधिकार बाळगून असते. तो बाहेर पडून पुन्हा आत येईपर्यंत वहीतला बदल त्याला लागू होत नाही.

निघून गेलेल्यांची खाती

7 मे 2021 रोजी अमेरिकेतील कलोनियल पाइपलाइन या कंपनीला सुमारे 8850 किलोमीटर लांबीची इंधनवाहिनी बंद ठेवावी लागली. घुसखोर आत शिरले होते ते वापरात नसलेल्या एका दूरप्रवेश खात्यातून. त्या खात्याला पडताळणीचा दुसरा टप्पा नव्हता. कंपनीने 75 बिटकॉइन, म्हणजे त्या वेळचे सुमारे 44 लाख डॉलर, खंडणी भरली. तेलावर जगणाऱ्या देशात आपण राहतो, म्हणून हे उदाहरण आपल्याला दूरचे वाटू नये.

‘लास्टलॉग’ ही आज्ञा प्रत्येक खात्यात शेवटचा प्रवेश केव्हा झाला ते सांगते. नव्या काही आवृत्त्यांत तिच्या जागी ‘लास्टलॉग2’ आहे. वर्षभर ज्यातून कोणी आले नाही, किंवा ज्याचा मालक देश सोडून गेल्यानंतरही ज्यातून प्रवेश झालेला दिसतो, अशी खाती वेगळी काढावीत. खात्याला कुलूप लावण्यासाठी बहुतेक जण ‘युजरमॉड’सोबत उणे चिन्ह व मोठे एल लिहितात. त्याने केवळ परवलीचा शब्द निकामी होतो. त्या माणसाने दूरप्रवेशाची किल्ली यंत्रावर ठेवलेली असेल, तर तिने दार उघडू शकते. म्हणून खात्याची मुदतही संपवावी. ‘चेज’ या आज्ञेसोबत उणे चिन्ह, मोठे ई आणि शून्य लिहिले की ते होते. ‘चेज’सोबत उणे चिन्ह व लहान एल लिहून मुदत खरोखर संपली आहे याची खात्री करून घ्यावी.

खाते घाईने पुसून टाकणेही हितावह नाही. खाते पुसले तरी घराच्या निर्देशिकेबाहेरच्या त्याच्या फाइली जुन्या क्रमांकाच्या नावे पडून राहतात. उद्या नव्याने आलेल्या कर्मचाऱ्याला तोच रिकामा क्रमांक मिळाला, तर गेलेल्याच्या फाइली आपोआप त्याच्या मालकीच्या होतात. आधी कुलूप, मग मुदत समाप्ती, मग फाइलींची वाटणी आणि सर्वांत शेवटी खाते पुसणे, हा क्रम योग्य होय.

आपला यात काय संबंध

कुवेतमध्ये माहिती तंत्रज्ञानविषयक गुन्ह्यांसाठी 2015 चा 63 क्रमांकाचा कायदा आहे आणि तो जानेवारी 2016 पासून लागू आहे. संगणक प्रणालीत बेकायदा प्रवेश हा त्यात गुन्हा आहे. याचे दोन अर्थ आपण समजून घ्यावेत. नोकरी सुटल्यावर जुने खाते उघडते म्हणून त्यातून आत जाणे हा आपला हक्क नव्हे. आणि आपण निघून आल्यावर आपल्या खात्यातून दुसरे कोणी आत गेले, तर यंत्राच्या नोंदीत नाव आपलेच पडते. हजारो मैलांवर बसून ‘तो मी नव्हेच’ हे सिद्ध करणे किती अवघड असते, हे सांगावयास नको.

म्हणून हिशेब पूर्ण करताना थकीत पगार आणि नोकरीअखेरची भरपाई यांबरोबर आणखी एक गोष्ट मागावी: आपले खाते कोणत्या तारखेला बंद झाले याचा लेखी निरोप. कार्यालयात बहुधा विंडोज असते. तेथे आज्ञांच्या खिडकीत ‘हूॲमआय’ सलग लिहून एक मोकळी जागा सोडावी आणि तिरकी रेघ देऊन ‘ग्रुप्स’ लिहावे. आपण कोणकोणत्या गटांत आहोत ते दिसते. कामाला आवश्यक नसलेला गट त्यात आढळल्यास तो काढण्याची विनंती आधीच करावी. नको असलेला अधिकार हे ओझेच असते. जेथे आपल्याला प्रवेश दिलेला आहे, तेथेच आणि तेवढीच तपासणी करावी, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

घरच्या संगणकालाही हाच नियम लागू आहे. ‘नेट लोकलग्रुप ॲडमिनिस्ट्रेटर्स’ असे लिहिले की घरात व्यवस्थापकाचे अधिकार कोणाकोणाला आहेत ते कळते. मुलांचे खाते त्यात नसावे. आपले रोजच्या वापराचे खातेही नसलेले बरे.

शेवटची गोष्ट आपल्या मंडळांविषयी. जयंतीची वर्गणी, सभासदांचे पत्ते, मुलांच्या प्रवेशासाठी गोळा केलेल्या जातीच्या दाखल्यांच्या प्रती, हे सारे कोणाच्या तरी संगणकावर किंवा भाड्याच्या यंत्रावर साठविलेले असते. आडनावावरून जात शोधण्याची सवय समुद्र ओलांडूनही सुटत नाही. म्हणूनच 2023 च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील सिॲटल शहराच्या परिषदेला जातिभेदाविरुद्ध कायदा करावा लागला. वापरकर्त्यांच्या वहीतील पाचव्या रकान्यात पूर्ण नाव लिहिण्याची प्रथा आहे, आणि ती वही यंत्रावरील सर्वांना वाचता येते. तेथे आडनाव लिहिण्याचे कारण नाही. सभासदांची निर्देशिका एका स्वतंत्र गटाच्या नावे ठेवावी, ‘इतर सर्वां’चे अधिकार काढून घ्यावेत, आणि कार्यकारिणी बदलली की त्या गटाची यादी बैठकीत मोठ्याने वाचून दाखवावी. जमाखर्च वाचून मंजूर करण्याची पद्धत आपल्या मंडळांत आहेच. त्याच कार्यक्रमपत्रिकेत ही एक यादी जोडली, तर पाच मिनिटांहून अधिक वेळ लागणार नाही. ज्यांनी विश्वासाने आपली कागदपत्रे आपल्याकडे दिली, त्यांचे एवढे देणे आपण लागतो.