अळू जिथे घरातला थोरला भाऊ आहे: हवाईच्या लोकांनी पूर्वजांचं अन्न पुन्हा ताटात का आणलं?

हवाई बेटांवरच्या जुन्या घरांमध्ये जेवणाचा एक नियम होता. पोईचं भांडं उघडलं की भांडणं, वादावादी, पैशांची घासाघीस बंद. भांडं उघडलं म्हणजे हालोआ समोर येऊन बसला, आणि हालोआ हा घरातला थोरला. त्याच्यासमोर आवाज चढवायचा नाही.

पोई म्हणजे अळूचा कंद शिजवून, कुटून, पाणी घालून केलेली जांभळट रंगाची दाट पेज. हो, ज्याच्या पानांची आपण वडी करतो आणि ज्याचं फदफदं लग्नाच्या पंगतीत वाढलं जातं, तेच अळू. आपल्याकडे पानाला मान जास्त आणि कंद, म्हणजे अळकुड्या, मागे. हवाईत उलट. तिथे अळूला ‘कालो’ म्हणतात आणि त्याचा कंद हेच मुख्य अन्न होतं, आपल्याकडे भात किंवा भाकरी असते तसं. हे पीक मूळचं आशियातलं. पॅसिफिक महासागरात बेटामागून बेट गाठत गेलेल्या पॉलिनेशियन दर्यावर्दींनी त्याचे कंद आपल्या होड्यांमधून हवाईपर्यंत नेले.

भाऊ कसा झाला?

हवाईच्या पुराणकथेनुसार आकाशपिता वाकेआ आणि होओहोकुकालानी यांचं पहिलं मूल मृत जन्मलं. त्याला घराजवळ पुरलं, आणि त्या जागी अळूचं पहिलं रोप उगवलं. नंतर दुसरा मुलगा झाला. त्याला थोरल्याचंच नाव दिलं, हालोआ. हा दुसरा हालोआ हवाईच्या साऱ्या माणसांचा मूळपुरुष मानला जातो. म्हणजे अळू आधी, माणूस नंतर. धाकट्याने थोरल्याची निगा राखायची, त्याच्या पाण्याची काळजी घ्यायची. थोरल्याने धाकट्याला पोसायचं.

हे नातं भाषेतही मुरलेलं आहे. मुख्य कंदाच्या कडेने फुटणाऱ्या कोंबांना ‘ओहा’ म्हणतात. कुटुंबासाठीचा ‘ओहाना’ हा शब्द त्यावरूनच आला. आपल्याकडे केळीच्या बुंध्याशी फुटलेल्या कोंबांना पिल्लं म्हणतात, तसंच काहीसं. फरक इतकाच, की तिथे माणसांच्या घराचं नाव झाडावरून पडलं.

पूर्वजांसाठी अन्न शिजवणं आपल्याला नवं नाही. पितृपक्षात कोकणातल्या अनेक घरांच्या स्वयंपाकात अळू असतंच. पण आपण पूर्वजांना जेवू घालतो. हवाईच्या समजुतीत पूर्वजच ताटात असतो आणि तो आपल्याला जेवू घालतो.

मग हे अन्न सुटलं कसं?

१७७८ मध्ये कॅप्टन कुकची जहाजं हवाईला पोहोचली. बाहेरून आलेल्या रोगांनी पुढच्या शतकभरात मूळ लोकसंख्या कोसळली. काही लाखांची वस्ती १८९० च्या सुमारास चाळीस हजारांच्या आसपास उरली. शेतात उतरायला माणसंच राहिली नाहीत. त्यात उसाचे मळे आले. ऊस पाणी पितो, हे महाराष्ट्राला सांगायला नको. डोंगरातले ओढे मैलोन् मैल कालव्यांमधून मळ्यांकडे वळवले गेले आणि खालच्या अळूच्या खाचरांमधलं वाहतं पाणी आटलं. १८९३ मध्ये राणीची सत्ता उलथवली गेली, १८९८ मध्ये बेटं अमेरिकेत गेली. ताटात पांढरा तांदूळ, मैदा, साखर आणि डबाबंद मांस आलं. आज मूळ हवाईयन लोकांमध्ये मधुमेह आणि हृदयविकाराचं प्रमाण चिंता वाटावी इतकं जास्त आहे.

वाइआनाएमध्ये काय झालं?

ओआहू बेटाचा वाइआनाए हा पश्चिम किनाऱ्यावरचा गरीब भाग. १९७० च्या दशकात तिथल्या काही तरुणांना डोंगराच्या कुशीत, झाडोऱ्याखाली दडलेली जुन्या खाचरांची दगडी बांधणी सापडली. त्यांनी पाइपने वरून पाणी आणलं आणि पुन्हा अळू लावलं. काआला फार्म हे शेत त्यातून उभं राहिलं.

याच भागातल्या आरोग्य केंद्रात डॉ. टेरी शिंतानी यांनी एक प्रयोग केला. २० मूळ हवाईयन माणसांना २१ दिवस फक्त पूर्वजांचं जेवण दिलं: अळू, पोई, रताळी, नीरफणस, अळूची पानं, समुद्री शेवाळ, फळं, थोडे मासे आणि कोंबडी. सगळं कच्चं किंवा वाफवलेलं. मोजून खायचं नाही, पोट भरेपर्यंत खायचं. तरीही रोजचा आहार सुमारे २,६०० कॅलरींवरून १,६०० पर्यंत आपोआप उतरला, कारण असं अन्न पोट लवकर भरतं. वजन सरासरी ७.८ किलोने घटलं, कोलेस्टेरॉल १४ टक्के आणि रक्तातली साखर २६ टक्के कमी झाली. रक्तदाबही उतरला. १९९१ मध्ये हे निष्कर्ष अमेरिकेतल्या पोषणशास्त्राच्या नियतकालिकात छापून आले.

हे आकडे वाचून कुणी मधुमेहावर अळू हे औषध आहे असं म्हणू लागलं, तर ते चूक. माणसं २०, अवधी तीन आठवडे, तुलनेसाठी दुसरा गट नाही. सगळं डॉक्टरांच्या देखरेखीखाली चाललेलं. आणि अळूत पिष्ट भरपूर असतं. तळून खाल्लं तर पूर्वजही वाचवणार नाहीत. या प्रयोगात लक्ष द्यावं अशी गोष्ट वेगळी आहे. लोक एकत्र जेवत होते आणि जेवणासोबत त्यांना या अन्नाच्या कथा सांगितल्या जात होत्या. ‘तुमच्या खाण्याच्या सवयी वाईट आहेत’ असं ऐकत आलेल्या माणसांना इथे पहिल्यांदा ‘तुमच्या आजोबा-पणजोबांचं खाणं चांगलं होतं’ असं ऐकू आलं. पथ्य म्हणून दिलेलं अन्न आणि घरचं म्हणून दिलेलं अन्न माणूस एकाच मनाने खात नाही.

पूर्वजाचं पेटंट घेता येतं का?

हा प्रश्न खरोखरच उभा राहिला. हवाई विद्यापीठाने रोगाला तोंड देणारे अळूचे तीन संकरित वाण तयार केले आणि २००२ मध्ये त्यांची पेटंटं मिळवली. संशोधकांच्या दृष्टीने ही नेहमीची पद्धत. शेतकरी मात्र संतापले: थोरल्या भावावर मालकी हक्क कुणाचा? आंदोलनं झाली आणि २००६ मध्ये विद्यापीठाने तिन्ही पेटंटं सोडून दिली.

दुसरं भांडण स्वयंपाकघरातलं. अळू शिजवून लाकडी पाटावर दगडी बत्त्याने कुटलं की पाणी न घालता घट्ट गोळा तयार होतो, त्याला ‘पाइ आइ’ म्हणतात. पाणी घातलं की पोई. ती दोन-तीन दिवसांत आंबते, आणि जाणकारांना ती आंबटच आवडते. पण लाकूड आणि दगड आरोग्य खात्याच्या नियमांत बसेनात, त्यामुळे हाताने कुटलेलं पाइ आइ विकणं बेकायदा ठरत होतं. २०११ मध्ये कायदा करून त्याला सूट द्यावी लागली. शिजवण्यात मात्र कसलीही सूट नाही. अळूतल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या कणांनी घसा खवखवतो. म्हणून आपण चिंच किंवा आमसूल घालतो आणि ते कंद तासन् तास वाफवतात.

खरी अडचण आजही पाण्याची आणि जमिनीची आहे. पोई बाजारात महाग मिळते, त्यामुळे ज्यांच्या पूर्वजांचं ते रोजचं अन्न होतं त्यांनाच ती रोज परवडत नाही. माउई बेटावरचा उसाचा शेवटचा मोठा मळा २०१६ मध्ये बंद झाला. दोन वर्षांनी राज्याच्या जल आयोगाने पूर्व माउईतल्या अनेक ओढ्यांचं पाणी पुन्हा त्यांच्या मूळ वाटेने सोडण्याचा आदेश दिला. बुजलेली खाचरं उकरून, बांध घालून तिथे कोंब लावायचे, तर कंद हाती यायला वर्षभर थांबावं लागतं. ते काम करणारी घरं माउईत आहेत, पण फार नाहीत.