सेन्सर बदलला तरी चेक इंजिनचा दिवा जात नाही? दुसरा सेन्सर घ्यायच्या आधी हे वाचा



आज पिकाचा नाही, गाडीचा सल्ला. पहाटे दादरला फुलं न्यायची गाडीच उभी राहिली तर तोडणीची मजुरी अंगावर येते, म्हणून हा विषयही आपलाच.

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरच्या पिकअपला चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला. स्कॅनरवर कोड आला पी ०११८, म्हणजे कूलंटचं तापमान सांगणाऱ्या सेन्सरचा. सेन्सर बदलला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच दिवा. अजून एक सेन्सर घातला, तरी तेच! शेवटी निघालं काय, तर उंदराने कुरतडलेली वायर. दोन सेन्सरचे पैसे गेले आणि दोन दिवस माल भाड्याच्या टेम्पोने पाठवावा लागला.

*कोडचा अर्थ काय?*
कोड "सेन्सर खराब आहे" असं सांगत नाही. "या सेन्सरकडून येणारा सिग्नल बरोबर नाही" एवढंच सांगतो. दोष सेन्सरमध्ये, प्लगमध्ये किंवा वायरमध्ये, कुठेही असू शकतो. शेवटचा आकडाही महत्त्वाचा:
• पी ०११८ – बहुधा वायर तुटलेली किंवा प्लग सैल. कॉम्प्युटरला इंजिन बर्फासारखं थंड वाटतं.
• पी ०११७ – बहुधा वायर शॉर्ट. कॉम्प्युटरला इंजिन खूप गरम वाटतं.
म्हणून कोड पूर्ण लिहून घ्या किंवा स्कॅनरचा फोटो काढा.

*क्रमाने काय तपासायचं?*
१) चावी बंद करून प्लग काढा. पिना वाकल्यात का, हिरवट गंज चढलाय का, पाणी शिरलंय का बघा. आपल्याकडे खारी हवा आणि पाऊस, त्यामुळे हे नेहमी होतं. कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करा, सुकू द्या, 'टक्' आवाज येईपर्यंत बसवा.
२) वायर कुठे कुरतडलीय, घासलीय की इंजिनला चिकटून वितळलीय ते बघा.
३) सकाळी गाडी थंड असताना स्कॅनरवर कूलंटचं तापमान बघा. ते बाहेरच्या हवेच्या आसपास हवं. उणे ४० दाखवत असेल तर जोडणी कुठेतरी तुटलीय. वायर हलवल्यावर आकडा उडत असेल तर दोष तिथेच.
४) नवीन सेन्सरचा पार्ट नंबर जुन्याशी जुळवा. दिसायला सारखा, पण आतून वेगळा असू शकतो.
५) सेन्सर बदलताना कूलंट सांडतं. पातळी भरून आतली हवा काढली का, विचारा. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका.

*काम बरोबर झालं, तरी दिवा?*
जुना कोड कॉम्प्युटरच्या मेमरीत राहतो. स्कॅनरने पुसून घ्या. नाही पुसला तरी बहुतेक गाड्यांत लागोपाठ तीन फेऱ्या बिनदोष झाल्या की दिवा आपोआप जातो. पुसल्यावर तोच कोड परत आला, तर दोष अजून आहे. बॅटरीची केबल काढून दिवा घालवू नका. कोड जातो, दोष तसाच राहतो आणि मेकॅनिकला शोधायला काही उरत नाही.

*गाडी लगेच कधी थांबवायची?*
तापमानाचा किंवा ऑइलचा लाल दिवा लागला तर बाजूला घेऊन इंजिन बंद करा. पेट्रोल-सीएनजी गाडीत चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल, तर इंजिन मिसफायर होतंय. तशीच चालवली तर सायलेन्सरमधला महागडा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळतो.

पुढच्या वेळी गॅरेजमध्ये "सेन्सर गेला" म्हणाले की दोनच प्रश्न विचारा: *"वायर आणि प्लग तपासला का? थंड इंजिनवर आकडा किती दाखवतोय?"* उत्तर मिळाल्यावरच पैसे काढा.

घरात कोणी दुसरं गाडी चालवत असेल, तर त्यांनाही हा मेसेज पाठवा.

आपला,
कृषी सल्लागार, नंदाखाल