घराचा पत्ता कोणता?

घरच्या वाय-फायला जोडलेल्या फोनच्या सेटिंगमध्ये त्याचा आयपी पत्ता पाहा. बहुधा तो १९२.१६८ ने सुरू होत असेल. शेजाऱ्यांच्या फोनचाही तसाच! मग शाळेत बसून नेमक्या आपल्याच घरच्या संगणकातील फाईल उघडायची कशी?

अडचण मुळात अंकगणिताची आहे. आयपीच्या चौथ्या आवृत्तीत पत्ता ३२ बिटांचा असतो. म्हणजे एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी आणि पृथ्वीवर माणसे ८०० कोटींहून अधिक! म्हणून काही पत्ते केवळ घरगुती वापरासाठी राखून ठेवले आहेत. ते घराबाहेर चालत नाहीत. बाहेरच्या जगाला दिसतो तो राऊटरचा पत्ता.

जुना वाडा डोळ्यांसमोर आणा. घर क्रमांक एक, बिऱ्हाडे दहा. दिंडीवरचा राखणदार म्हणजे राऊटर. आतून पत्र गेले, की तो वहीत नोंद करतो आणि उत्तर आले, की नोंद पाहून त्या बिऱ्हाडात पोचवतो. पण बाहेरून कोणी आपण होऊन पत्र पाठवले तर? वहीत नोंद नाही, पत्र केरात! शाळेतून मारलेली तुमची हाक या दिंडीवरच अडते.

मग राखणदाराला सांगून ठेवता येते, की अमुक पोर्टवर जे येईल ते या संगणकाकडे पाठव. (पोर्ट म्हणजे येथे बंदर नव्हे, पोस्टातल्या क्रमांकाच्या खिडक्या असतात ना, तसे.) यालाच पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. परंतु ती खिडकी तुमच्याप्रमाणेच साऱ्या जगाला उघडी होते. एवढ्या पत्त्यांत आपले घर कोणाला सापडणार, असे वाटते? २०१३ साली मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी झीमॅप नावाची आज्ञावली तयार केली. एकच संगणक तिच्या साहाय्याने जवळजवळ सर्व पत्त्यांवरची एक खिडकी पाऊण तासात ठोठावून येऊ शकतो! तेव्हा संगणकाचा पडदा थेट असा उघडा ठेवणे मला तरी मान्य नाही.

त्याऐवजी वायरगार्डसारखा व्हीपीएन घरी बसवावा. यात प्रत्येक उपकरणाकडे किल्ल्यांची जोडी असते. एक दुसऱ्याला द्यायची, दुसरी कधीच बाहेर काढायची नाही. आलेल्या संदेशावर ओळखीच्या किल्लीची खूण नसेल, तर वायरगार्ड नकारही देत नाही, गप्प राहतो. ठोठावणाऱ्याला आत कोणी आहे याचा पत्ताच लागत नाही.

एवढे करूनही जोडणी होत नसेल, तर राऊटरच्या पानावर त्याचा बाहेरचा पत्ता पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होत असेल, तर तुमच्या दिंडीबाहेर इंटरनेट कंपनीची आणखी एक दिंडी आहे आणि तिचा राखणदार तुमचे ऐकणार नाही. अशा वेळी उलट युक्ती करतात. घरचा संगणकच बाहेरच्या एखाद्या मध्यस्थ संगणकाशी जोडणी करून ठेवतो. आतून निघालेल्या पत्राला दोन्ही दिंड्यांवर वाट मिळते आणि शाळेतून तुम्ही त्या मध्यस्थालाच गाठता.