विश्लेषण : स्प्रॉकेटचा एक दात कमी केल्याने बाइकचा पिकअप खरेच वाढतो का?

नवी स्पोर्ट बाइक घेतली की काही महिन्यांत ती कुठल्या ना कुठल्या गॅरेजसमोर ‘मॉडिफाय’ व्हायला उभी राहते. मागणी बहुधा ठरलेली असते. आवाजाचा सायलेन्सर आणि मागे रुंद टायर. यामुळे बाइक वेगवान दिसते आणि दूरवर ऐकूही जाते. पिकअपमध्ये मात्र फारसा फरक पडत नाही. तो फरक पाडणारा सुटा भाग पुण्याच्या नाना पेठेत काही शे रुपयांना मिळतो आणि बसवल्यावर कव्हरखाली दिसतही नाही. हा भाग म्हणजे पुढचे स्प्रॉकेट.

एका दाताचा हिशेब काय?

चाकणच्या बजाज प्रकल्पात तयार होणाऱ्या केटीएम ३९० ड्युकचे उदाहरण घेऊ. ३७३ सीसी इंजिनाच्या आधीच्या पिढीत पुढच्या स्प्रॉकेटला १५ आणि मागच्याला ४५ दात आहेत. म्हणजे पुढचे तीनदा फिरले की मागचे चाक एकदा फिरते. पुढे १४ दातांचे स्प्रॉकेट बसवले, तर हे प्रमाण तीनवरून ३.२१ वर जाते. प्रत्येक गिअरमध्ये मागच्या चाकावर पोहोचणारा जोर सुमारे सात टक्क्यांनी वाढतो. चढ आला की आपण सायकलचा गिअर हलका करतो, तोच हा प्रकार. इंजिनाची ताकद एका अश्वशक्तीनेही वाढलेली नसते.

ही वाढ फुकट मिळत नाही. पूर्वी ज्या गिअरमध्ये, ज्या आरपीएमला ताशी १५० किमी वेग मिळत होता, तिथे आता १४० मिळतो. ताशी १०० ला इंजिन ६,००० आरपीएमवर फिरत होते असे धरले, तर आता ते ६,४०० च्या पुढे जाते. जुन्या मुंबई-पुणे महामार्गावर तासभर एकाच वेगाने चालवणाऱ्याला ही घरघर जाणवते आणि ॲव्हरेजही कमी होतो. शहरात आणि घाटात चालवणाऱ्याची फारशी तक्रार नसते, कारण सहाव्या गिअरचा शेवट त्याने क्वचितच पाहिलेला असतो.

आणखी एक गंमत आहे. समजा पहिला गिअर ताशी ६२ किमीपर्यंत ओढत होता. आता तो ५८ लाच संपतो. म्हणजे शून्य ते ६० मोजताना मध्ये एक गिअर जास्त बदलावा लागतो आणि कमावलेला वेळ तिथेच खर्च होऊ शकतो. बाइक जोरात सुटल्यासारखी वाटते, पण घड्याळ वेगळेच सांगते.

पुढचा दात कमी करावा की मागचे वाढवावेत?

आकड्यांत फरक थोडाच आहे. मागे ४५ ऐवजी ४८ दात घेतले, तरी प्रमाण ३.२ होते. पण चेनची लांबी तीच ठेवली, तर पुढचा एक दात कमी केल्यावर चेन ताणण्यासाठी मागचे चाक साधारण चार मिलिमीटर मागे सरकवावे लागते. मागे तीन दात वाढवले, तर ते सुमारे १२ मिलिमीटर पुढे येते. चाकांतील अंतर घटले की बाइक वळणात चपळ होते, तसेच ॲक्सलरेटर पिळल्यावर पुढचे चाक लवकर उचलते. इतके सरकायला जागा नसेल, तर चेन लांब घ्यावी लागते. पुढचे स्प्रॉकेट लहान केले की चेनला जास्त तीव्र वाकावे लागते आणि झीज वाढते. जुन्या, ताणलेल्या चेनवर एकटे नवे स्प्रॉकेट बसवणे तर पैसे वाया घालवणेच. पूर्ण चेनसेट बदलण्याची वेळ आली की मगच हा प्रयोग करावा.

सायलेन्सर आणि एअर फिल्टरचे काय?

बीएस-६ बाइकमध्ये किती हवेला किती पेट्रोल द्यायचे, हे ईसीयू ठरवतो. नुसता सायलेन्सर मोकळा केला आणि ईसीयूचे मॅपिंग तसेच राहिले, तर पदरात मुख्यतः आवाज पडतो. मूळ सायलेन्सर काढून पाच किलो वजन कमी झाले असे मानू. बाइक आणि चालक मिळून २४० किलो असतील, तर ती घट दोन टक्के. हाच हिशेब चाकाला लावला तर चित्र बदलते. रिमच्या कडेचे एक किलो वजन वेग वाढवताना जवळपास दोन किलोंसारखे वागते, कारण ते पुढेही ढकलावे लागते आणि फिरवावेही लागते. जास्त हवा खेचणारा फिल्टर लावताना आपल्या रस्त्यांवरची धूळही आठवावी.

हँडलिंग कशाने सुधारते?

इथे सर्वाधिक गैरसमज रुंद टायरबद्दल आहे. ३९० च्या मागे १५०/६० आर १७ मापाचा टायर येतो. त्याच रिमवर १८० चा चढवला, तर रिम पुरेशी रुंद नसल्याने टायरच्या कडा आत दाबल्या जातात आणि त्याची गोलाई बिघडते. वजन वाढते. शिवाय टायर जितका रुंद, तितके त्याच वळणावर त्याच वेगाला जास्त झुकावे लागते. म्हणजे पैसे मोजून बाइक सुस्त करायची.

चपळतेचे खरे गणित पुढच्या फोर्कच्या कोनात आहे. हँडल ज्या अक्षाभोवती फिरते, तो अक्ष जमिनीपर्यंत वाढवला तर टायर त्याच्या थोडा मागे टेकलेला दिसतो. या अंतराला ट्रेल म्हणतात. ट्रेल जास्त असेल तर बाइक सरळ रेषेत स्थिर राहते, कमी असेल तर पटकन वळते. फोर्कच्या नळ्या क्लॅम्पमधून १० मिलिमीटर वर सरकवल्या, तर पुढचा भाग खाली येतो, कोन सुमारे ०.४ अंशाने उभा होतो आणि ट्रेल अडीच मिलिमीटरच्या आसपास घटतो. आकडा क्षुल्लक वाटतो, पण ताम्हिणीच्या वळणांत हाताला कळतो. अति केले, तर वेगात खड्ड्यावरून गेल्यावर हँडल थरथरू लागते आणि ती थरथर वाढत गेली तर बाइक आवरत नाही. म्हणून पाच मिलिमीटरने सुरुवात करावी. दोन्ही नळ्या अगदी सारख्या सरकवाव्यात आणि सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर चाक किंवा मडगार्ड कुठे घासत नाही ना, हे तपासावे.

मुळात त्याआधी करायचे काम बिनपैशाचे आहे. ते म्हणजे मागच्या शॉकअपचा प्रीलोड जुळवणे. कारखाना एकच सेटिंग देतो. त्यावर ६० किलोचा एकटा चालकही बसतो आणि ९० किलोचा चालक डबलसीटही जातो. मागचे चाक अधांतरी असताना ॲक्सलपासून सीटखालच्या एका खुणेपर्यंतचे अंतर मोजावे. मग हेल्मेट-जॅकेटसह बाइकवर बसून, मित्राकडून पुन्हा मोजून घ्यावे. दोन मापांतील फरक चाकाच्या एकूण हालचालीच्या साधारण ३० टक्के असावा. फरक जास्त असेल, तर मागचा भाग बसतो, पुढचा कोन आडवा होतो आणि वळताना बाइक जड लागते. अनेक जण नेमक्या याच जडपणावर इलाज म्हणून महागडे सामान विकत घेतात.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसी बुकमधील तपशील निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे होतील, असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच अधोरेखित केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. स्प्रॉकेटचा दात यात मोडतो का, यावर वाद घालता येईल. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढलेल्या, कर्कश सायलेन्सरबाबत वादाला जागा नाही. विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतर दाव्याच्या वेळी अडचणीचा ठरू शकतो.

रेसिंग ट्रॅकवर स्प्रॉकेट बदलणे ही नेहमीची तयारी आहे. कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेची लांबी २.१ किमी, तर ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटची ५.१२५ किमी, त्यातला एक सरळ पट्टा एक किलोमीटरहून लांब. करीवर पिकअप देणारे प्रमाण घेतलेली बाइक तशीच बुद्धवर नेली, तर त्या पट्ट्याच्या अर्ध्यातच तिचे आरपीएम संपू शकतात.