लढाऊ माशाचा गृहप्रवेश

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या धाकट्या नातवानें हट्ट धरून एक मासा घरीं आणविला. बाजारांत त्याला 'फायटर' म्हणतात. शास्त्रीय नांव 'बेट्टा स्प्लेंडेन्स'. निळ्या रेशमी शेल्यासारखे त्याचे पर पाहून मीहि भुललों, आणि दिवाणखान्यांतील काचेच्या पेटींत गप्पी मासे नांदत होते, त्यांतच त्याला सोडून आम्ही मोकळे झालों. दुसऱ्या दिवशीं सकाळीं दोन गप्पींच्या शेपट्यांच्या चिंध्या झालेल्या दिसल्या. तिसऱ्या दिवशीं त्यांतला एक मेला. नातू रडत रडत म्हणाला, "आजोबा, हा मासा दुष्ट आहे!"

उभा जन्म शाळेंत गेल्यामुळें हा शब्द माझ्या ओळखीचा आहे. वर्गांत मारामारी झाली म्हणजे नव्या मुलाला दुष्ट ठरविणें सोपें असतें. त्याला कोणाशेजारीं बसविलें, हें कोणी पाहत नाहीं. तेव्हां फायटरला त्याच दिवशीं निराळ्या पेटींत काढून त्याचें कुलशील पाहावयाचें आम्हीं आजा-नातवांनीं ठरविलें.

हा मासा मूळचा सयामचा, म्हणजे आजच्या थायलंडचा. तेथील भातखाचरांत व उथळ, संथ पाण्यांत तो राहतो. थाई भाषेंत त्याला 'प्ला कट', म्हणजे चावरा मासा, म्हणतात. झुंजींसाठीं त्या देशांत पिढ्यान् पिढ्या लढाऊ नर निवडून त्यांचीच पैदास करण्यांत आली. तेव्हां या भांडखोरपणांत माणसाचाहि हात आहे. २०१९ सालीं थायलंडनें त्याला राष्ट्रीय जलचराचा मान दिला. पृष्ठभागावर येऊन हवा घेण्याचें इंद्रिय त्याच्या डोक्यांत असल्यामुळें तो लहानशा वाडग्यांतहि जगतो. पण जगणें निराळें आणि नांदणें निराळें. नर तोंडानें बुडबुड्यांचें घरटें बांधतो व अंडीं तोच राखतो. आपल्या हद्दींत रंगीत, लांब शेपटीचा कोणी दिसला कीं तो त्याला प्रतिस्पर्धी वाटतो. आमच्या गप्पींचा अपराध तेवढाच होता.

यावरून सोबत कशी निवडावी हें उघड होतें. दुसरा फायटर नर, गप्पी आणि गुरामी वर्ज्य. टायगर बार्बहि नको, कारण तो उलट फायटरचेच पर कुरतडतो. तळाशीं वावरणारे कोरीडोरास व लहान, आंखूड पराचे टेट्रा यांच्याशीं त्याचें बहुधा जमतें. पेटी निदान ५० लिटरची, दाट वनस्पतींची आणि पाणी सुमारें २५ ते २७ अंशांचें असावें. नळाच्या पाण्यांतील क्लोरीन आधीं घालवावें.

शतपथ ब्राह्मणांत मनूच्या हातीं आलेला इवलासा मासा मोठ्या माशांपासून रक्षण मागतो. मनु त्याला प्रथम घड्यांत, मग खड्ड्यांत आणि शेवटीं समुद्रांत ठेवतो. आपणहि तीच पायरी धरावी. नवा मासा दोन ते चार आठवडे एकटा ठेवून निरोगी असल्याची खात्री करावी. बाकीचे मासे आधीं स्थिरावूं द्यावे. फायटर सर्वांच्या मागून यावा. त्या दिवशीं पेटींतील दगड व झाडें हलवून मांडावीं, म्हणजे कोणाचीच हद्द जुनी राहत नाहीं. दिवा मालवून, माशाची पिशवी १५-२० मिनिटें पाण्यावर तरंगत ठेवावी. मग दर पांच मिनिटांनीं तींत पेटींतलें थोडें पाणी घालावें, आणि शेवटीं मासा तेवढा जाळीनें उचलून आंत सोडावा. एकदोन वेळां त्यानें कल्ले फुगविले तर घाबरूं नये. सतत पाठलाग दिसला, किंवा कोणाचे पर फाटले, तर मात्र त्याच दिवशीं त्याला बाहेर काढावें. कांहीं फायटर कोणाशींच जमवून घेत नाहींत. त्यांनीं एकटेंच सुखानें राहावें.

तीन आठवड्यांनीं आम्हीं नवी पेटी मांडून हा विधि यथासांग केला. पहिल्या सायंकाळीं स्वारीनें एका टेट्राकडे पाहून कल्ले फुगविले, आणि मग ती एका रुंद पानाखालीं जाऊन विसावली. नातू रात्रीं नऊपर्यंत पाटावर बसून पहारा करीत होता. "दुष्ट" हा शब्द त्यानें पुन्हां उच्चारला नाहीं. मेलेल्या गप्पीची आठवण मात्र त्याला अजून आहे, आणि मलाहि.

ती एकट्याची लहान पेटी आम्हीं अद्याप भरून ठेविली आहे. सासरीं कितीहि बरें असलें, तरी माहेरचें दार उघडें असावें.