वटवाघळांचे अंधारातील मार्गक्रमण

रात्रीच्या अंधारात अडथळे टाळून अन्न व निवारा शोधण्यासाठी वटवाघळे श्रवण, दृष्टी, गंध आणि स्मृती यांचा जो उपयोग करतात, त्यास वटवाघळांचे अंधारातील मार्गक्रमण म्हणता येईल. वटवाघूळ आंधळे असते आणि केवळ प्रतिध्वनी ऐकून उडते, ही समजूत सार्वत्रिक आहे. ती बरोबर नाही. वटवाघळाची कोणतीही जात आंधळी नाही, आणि सर्वच जाती प्रतिध्वनीवर विसंबून उडतात असेही नाही. पालघर जिल्ह्यातील डहाणू तालुक्यात चिंचणी, वरोरपासून घोलवडपर्यंतचा किनारी पट्टा चिकूच्या वाड्यांसाठी ओळखला जातो. अशा बागायती भागात हा फरक व्यावहारिक महत्त्वाचाही आहे.

प्रतिध्वनीने स्थाननिश्चिती

उंदीर, घूस किंवा हौसेने पाळले जाणारे चिंचिला हे निशाचर प्राणी जमिनीवर वावरताना मिशांनी चाचपत वाट काढतात. वेगाने उडणाऱ्या प्राण्याला स्पर्शाचा असा आधार मिळत नाही. वस्तूला लागण्यापूर्वीच तिचे अंतर समजणे त्याला आवश्यक असते. कोकणात ज्यांना पाकोळी म्हणतात ती लहान, कीटकभक्षी वटवाघळे यासाठी स्वरयंत्रातून तीव्र ध्वनी काढतात. हे ध्वनी बहुधा २० किलोहर्ट्झच्या वर, म्हणजे माणसाच्या श्रवणमर्यादेपलीकडे असतात. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर आहे. त्यामुळे ३.४ मीटरवरील पतंगावर आदळलेला ध्वनी एका सेकंदाच्या पन्नासाव्या भागात परत येतो, आणि या कालावधीवरून वटवाघळाला अंतर उमगते. ध्वनी इतका उच्च का, याचेही कारण आहे. ५० किलोहर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी सुमारे ७ मिलिमीटर असते. तरंगलांबी कीटकाच्या आकारापेक्षा फार मोठी असेल तर त्याच्यावरून स्पष्ट प्रतिध्वनी येत नाही. मात्र उच्च ध्वनी हवेत लवकर क्षीण होतो, म्हणून ही पद्धत जवळच्याच अंतरासाठी उपयोगी पडते. भक्ष्य शोधताना सेकंदाला दहाच्या आसपास असलेले ध्वनी झडप घालण्याच्या क्षणी दीडशे-दोनशेपर्यंत वाढतात.

इटालियन शास्त्रज्ञ स्पालान्झानी यांनी १७९३ मध्ये सुरू केलेल्या प्रयोगांत दृष्टी गमावलेली वटवाघळे निर्वेध उडताना दिसली. जिनिव्हाचे शल्यचिकित्सक ज्युरिन यांनी वटवाघळांचे कान बंद केले, तेव्हा मात्र ती अडथळ्यांवर आदळू लागली. कानाने दिसते, ही कल्पना समकालीनांना हास्यास्पद वाटली आणि जवळजवळ दीडशे वर्षे बाजूला पडली. अखेर १९३८ मध्ये ग्रिफिन व पिअर्स यांनी अमेरिकेत हे श्राव्यातीत ध्वनी उपकरणाने टिपले.

बेळगाव जिल्ह्यात तळेवाडीजवळील बारापेडे गुहेत रॉटनचे मुक्तपुच्छ वटवाघूळ आढळते. कित्येक दशके ही जात जगात केवळ तेथेच ज्ञात होती. हे कीटकभक्षी वटवाघूळही प्रतिध्वनीवर अवलंबून असते. याउलट पडक्या वास्तूंत व लेण्यांत राहणारे मेगाडर्मा लायरा हे मोठ्या कानांचे वटवाघूळ प्रतिध्वनीचा उपयोग करू शकत असूनही पाचोळ्यातील उंदराची किंवा बेडकाची खसखस नुसती ऐकून त्याला पकडू शकते.

फलाहारी जाती

वड, चिंच यांसारख्या मोठ्या वृक्षांवर दिवसा शेकड्यांनी लटकणारे भारतीय फलाहारी वटवाघूळ पंख पसरल्यावर एक मीटरहून अधिक रुंद भरते. त्याला प्रतिध्वनीने मार्ग काढता येत नाही. मोठे डोळे आणि तीव्र घ्राणेंद्रिय हीच त्याची साधने. संधिप्रकाश किंवा चांदणे त्याला पुरते, पण संपूर्ण काळोखात ते असहाय ठरते; म्हणून ते खोल गुहेत न राहता उघड्या झाडावर राहते. विहिरी व गुहांत राहणारे रूसेटस वंशातील वटवाघूळ यास अपवाद आहे. ते स्वरयंत्राने नव्हे, तर जीभ टाळूवर आपटून टकटक असा ध्वनी काढते व त्याच्या प्रतिध्वनीचा उपयोग करते. त्या ध्वनीचा काही भाग माणसालाही ऐकू येतो.

आखूड नाकाचे लहान फलाहारी वटवाघूळ पिकलेले फळ प्रामुख्याने वासावरून हेरते. चिकू हे त्याच्या आवडत्या फळांपैकी एक.

दूरच्या प्रवासात वासही पुरत नाही. इस्रायलमध्ये रूसेटस वंशातील वटवाघळांवर मार्गनोंदणी उपकरणे बसवून केलेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ४४ किलोमीटर दूर नेऊन सोडलेली वटवाघळेही आपल्या गुहेकडे परतली. परिसराचा नकाशाच जणू त्यांच्या स्मरणात असतो. एकदा सापडलेल्या फळझाडाकडे ती रात्रीमागून रात्री सरळ उडत जातात. बागेत आलेले वटवाघूळ पुन्हा येते, ते यामुळेच.

बागायत व कायदा

चिकू झाडावर पिकवून काढत नाहीत. तयार झालेले टणक फळ उतरवून नंतर पिकवतात. त्यामुळे वासाने येणाऱ्या वटवाघळांना आकर्षित करतात ती मुख्यत्वे तोडणीत राहून गेलेली, झाडावरच पिकलेली फळे. वेळेवर तोडणी हा नुकसान टाळण्याचा साधा उपाय आहे. झाडावर मासेमारीचे जुने, सैल जाळे टाकणे मात्र घातक ठरते. अंधारात बारीक तंतू न दिसल्याने मोठी वटवाघळे त्यात अडकून मरतात. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात याच कारणाने २०२१ पासून घरगुती फळझाडांवरील जाळीचे छिद्र ५ मिलिमीटरपेक्षा मोठे नसावे असे बंधन आहे. कीटकभक्षी पाकोळ्या फळांना तोंडही लावत नाहीत, तरीही फलाहारींच्या बरोबरीने त्या मारल्या जातात.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पाचव्या अनुसूचीत फलाहारी वटवाघळांची गणना उंदीर व कावळे यांच्यासह उपद्रवी प्राण्यांत होती. बारापेडे येथील रॉटनचे वटवाघूळ मात्र पहिल्या अनुसूचीत संरक्षित होते. २०२२ च्या दुरुस्तीने उपद्रवी प्राण्यांची स्वतंत्र अनुसूची रद्द झाली. एखादी जात उपद्रवी घोषित करावयाची असल्यास केंद्र सरकारला तशी अधिसूचना काढावी लागते.