आधी कच्चा चिवडा, मग भाकरी

दिवाळीनंतर दोन महिन्यांनी मार्गशीर्षातली वेळ अमावस्या येते, धाराशिव-लातूरकडच्या लोकांची येळवस. त्या दिवशी सगळं गणगोत शेतात, कडब्याच्या कोपीपुढे जेवायला बसणार असतं, त्यामुळे आदल्या रात्री घरात कुणाचाच हात रिकामा नसतो. भज्जीसाठी तुरीच्या नि वाटाण्याच्या शेंगांचा ढीग, पालेभाज्यांच्या जुड्या, बाजरीच्या उंड्यांचं पीठ, आंबिलीचं ताक. शेंगा सोलायला पोरंसोरं बसतात आणि त्या ढिगापुढे मुलगा-मुलगी हा भेद टिकत नाही. मुलांना स्वयंपाक शिकवायला शहरात पैसे भरून शिबिरं करतात. आपल्याकडे पहिला धडा असा फुकट मिळतो. पुढचे धडे मात्र मुलीच्याच वाट्याला येतात. सण सरला की मुलगा बॅट घेऊन बाहेर पळतो.

धाराशिव जिल्ह्यात हा विषय नुसत्या हौसेचा म्हणून मांडता येत नाही. दिवाळी झाली की भूम, वाशी, कळंबकडची कितीतरी जोडपी कोयता घेऊन साखर कारखान्यांच्या फडावर जातात. सोबत गेलेल्या किंवा गावी मागे राहिलेल्या आठ-दहा वर्षांच्या मुली भाकऱ्या थापतात, धाकट्यांना सांभाळतात. मागे राहणाऱ्या मुलांची शाळा सुटू नये म्हणून हंगामी वसतिगृहं चालवावी लागतात. त्या मुलीच्या भाकरीचं कौतुक करणाऱ्यांचा मला रागच येतो. ते शिकणं नव्हे, ती मजुरी. शिकणाऱ्या मुलाला ‘आज नको’ म्हणता आलं पाहिजे, आणि त्याची भाकरी करपली तर घर उपाशी राहता कामा नये.

शिकण्याच्या अंगाने या कामाकडे पाहणारी माणसंही आपल्याकडे होऊन गेली. 1937 साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली. सेवाग्रामला मुलं आणि मुली दोघंही स्वयंपाकघराचं काम करत. तिथल्या आनंद निकेतन शाळेत आजही स्वयंपाक आणि शेती हा शिक्षणाचाच भाग आहे. ताराबाई मोडकांनी 1926 मध्ये गिजुभाई बधेकांबरोबर नूतन बाल शिक्षण संघ उभा केला. त्यांनी इकडे रुजवलेल्या माँटेसरी पद्धतीत निवडणं, चाळणं, ओतणं ही कामं म्हणजे बालवाडीचा अभ्यासच. जपानने तर 2005 साली आहारशिक्षणाचा कायदाच केला.

भाज्यांना नाक मुरडणाऱ्या मुलांच्या आईबापांसाठी एक माहिती. 2014 साली स्वित्झर्लंडमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात 6 ते 10 वर्षांची 47 मुलं होती. ज्यांनी आईवडिलांबरोबर स्वतः रांधलं, त्यांनी सॅलड इतरांपेक्षा जवळपास पाऊणपट जास्त खाल्लं. आपल्याकडच्या आज्यांना यात नवल वाटणार नाही. स्वतः खुडलेली मेथी पोरगं निमूट खातं, हे त्या कधीपासून सांगतात. म्हणून शक्य असेल तर सुरुवात परसात करावी. 1993 च्या भूकंपानंतर उमरगा, लोहारा भागात बायकांच्या हाताने उभं राहिलेलं स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेचं काम पुढे याच दिशेने गेलं: एकरभर रानात आधी घरच्या ताटातलं पिकवायचं. चार वर्षांच्या मुलाला कोथिंबिरीचा वाफा पुरे.

चुलीआधी बरंच काही शिकता येतं. मराठवाड्याचा कच्चा चिवडा हा पहिला पदार्थ म्हणून नामी. चुरमुरे, भाजके शेंगदाणे, कच्चं तेल, थोडा काळा मसाला, मीठ, मोठ्यांनी चिरून दिलेला कांदा. हाताने कालवलं की झालं. मीठ जास्त पडलं तर मूठभर चुरमुरे वाढवायचे, हा उपाय मूल स्वतःच शोधतं. तो शोधेपर्यंत आपण गप्प राहणं तेवढं अवघड. पुढची पायरी सुशीला: चुरमुरे पाण्यातून काढून किती पिळायचे, हे हातालाच कळावं लागतं. फोडणी मोठ्यांनी द्यावी, परतणं मुलाने करावं. शेंगदाण्याची चटणी मिक्सरला न लावता खलबत्त्यात कुटायला द्यावी. पोरं तिथून उठत नाहीत.

भाकरी मात्र सावकाश. गव्हाच्या कणकेला ग्लुटेन धरून ठेवतं, ज्वारीत ते नसतं. म्हणून पिठात आधणाचं पाणी घालायचं. उकळत्या पाण्याने पिठातला स्टार्च फुलतो आणि गोळा चिकट होतो. आधण ओतणं अर्थात मोठ्यांचं काम. पीठ दळून बरेच दिवस झाले असतील तर त्याची विरी जाते आणि कितीही रगडलं तरी भाकरीला चिरा पडतात. ताज्या शाळूच्या पिठाशिवाय मुलाला बसवूच नये, नाहीतर दोष पिठाचा आणि रडू पोराचं. गोळा कोमट झाला की तळहाताने दाबून, पुढे सारून मळायला लावायचा. कडा फाटल्या तर मळणं कमी पडलं, ओळखून पुन्हा मोडायचा. परातीत पीठ भुरभुरून आधी तळहाताएवढी चानकीच थापू द्यावी. मोठी भाकरी लहान हाताला फिरत नाही, मधे जाड आणि कडेला कागद होते. तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर ठेवायची, तिच्यावर ओला हात फिरवायचा आणि पाणी सुकत आलं की लगेच उलथायची. उशीर झाला की तडे जातात. तव्याशी दहा-अकरा वर्षांच्या आत नको, आणि तेव्हाही कुणीतरी शेजारी हवंच.

कुकर आणि मिक्सर मोठ्यांकडेच राहू द्यावेत. भांड्यांच्या दांड्या आत वळवलेल्या, केस बांधलेले, ओढणी नाही, सुती कपडे. काकडी चिरायला छोटी सुरी चालते. विळीची घाई नको. मिरची हाताळली की आधी साबणाने हात, मग डोळे. भाजलंच तर तो भाग वीस मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली धरावा. हळद, टूथपेस्ट, बर्फ यांतलं काहीही लावू नये. फोड आला किंवा जखम मोठी असली तर सरळ दवाखाना.

आणि ओटा पुसणं, भांडी विसळणं हेही स्वयंपाकातच येतं. मुलाने रांधायचं, आईने मागचं आवरायचं, अशी वाटणी झाली तर काहीच शिकवलं नाही असं समजावं.

दिवाळीच्या सुट्टीत एक सकाळ पोरांच्या हाती द्या. घरात मुलगा आणि मुलगी दोघं असतील, तर पहिली पाळी मुलाची लावा.